तो बैल मारका नव्हता

आमच्या घरात पेपर आला तो बातम्यांसाठी नाही, डब्यांसाठी. जालन्याहून निघणाऱ्या आणि आमच्या भागात सगळ्यात जास्त खपणाऱ्या पेपरनं त्या वर्षी कुपनांची योजना काढली होती. रोजच्या अंकात एक कुपन यायचं. ते कापून एका मोठ्या कागदावर चिकटवायचं, कागद भरला की स्टीलच्या डब्यांचा संच हमखास, आणि नशीब जोरावर असलं तर सोडतीत मोटारसायकल. त्याआधी आमच्या केदारखेड्याच्या बायका पेपर वापरायच्या तो फळीवर अंथरायला आणि भज्यांचं तेल टिपायला.

मी लग्न होऊन नुकतीच तिथं आले होते. नवरा फाट्यावर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, मिरचीचं शेत सांभाळायचे आणि पेपर हॉटेलात बसून फुकट वाचायचे. ‘विकत कशाला आणायचा? वाचून झाला की तसाबी शिळाच होतो,’ असं त्यांचं म्हणणं. पण आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, डब्यांसाठी हटून बसल्या आणि पेपर घरी यायला लागला.

आत्याबाईंना वाचता येत नाही. कुपन कापायचं काम त्या स्वतः करायच्या, पण कात्री हातात घेतली की आधी मला हाक मारायच्या.

“याच्या मागल्या बाजूला काय छापलंय ते वाच आधी. एकदा कापलं की गेलं.”

मी मागची अर्धीमुर्धी बातमी वाचायची. अर्धीवर त्यांचं समाधान व्हायचं नाही, म्हणून पुढची मागची सगळीच वाचायची. मग हळूहळू पूर्ण पान. शेजारणी येऊन बसायला लागल्या. एखाद्या गावात म्हैस चोरीला गेल्याची बातमी असली की आत्याबाई विचारायच्या, “मंग काय झालं?” मी म्हणायची, “एवढंच छापलंय.” त्या वैतागायच्या. “म्हैस सापडली का न्हाई ते न्हाई लिहिलं? मंग सांगितलंच कशाला?”

कागद भरत आला होता आणि एका दुपारी वासरानं घोळ केला. कुपन कापायचं राहून गेलेला दीड महिन्यापूर्वीचा पेपर ओसरीत होता, तो त्यानं कुपनासकट चघळून टाकला. मामा हसत सुटले. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन लुगडं नेसलं आणि मला म्हणाल्या, “चल जालन्याला. पेपरवाल्याकडं जाऊ.”

राजूरमार्गे एसटीनं आम्ही जालन्याला पोचलो. पेपरचं कार्यालय दुमजली होतं, खाली छापखाना, वर ऑफिस. खिडकीतल्या कारकुनानं आमचं म्हणणं ऐकलं आणि कुपन बदलून मिळत नाही असं सांगितलं. नियमच तसा होता.

“अहो पण वासरानं खाल्लं,” आत्याबाई म्हणाल्या.

“मावशी, सगळे असंच सांगतात.”

“सगळ्यांच्या घरी वासरं हायेत का?”

आवाज चढला तसे आतल्या दारातून एक गृहस्थ बाहेर आले. पांढरा सदरा, पायजमा, साध्या चपला. डोक्यावरचे केस काळेभोर रंगवलेले आणि मिशा मात्र पांढऱ्याशुभ्र. मी त्यांना लगेच ओळखलं, कारण त्यांचा फोटो आठवड्यातून दोन-तीनदा तरी पेपरात असायचाच. ते मालक होते. सगळा जिल्हा त्यांना तात्या म्हणायचा, त्यांच्या वयाचेसुद्धा.

“कोणतं पान खाल्लं वासरानं?” त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

“कुपनाचं,” आत्याबाई म्हणाल्या. “त्याच्या मागं त्या नवरदेवाची बातमी होती. मांडवातून मोटारसायकलवर पळून गेल्ता तो. बरं झालं तुम्हीच भेटला. आला का तो परत?”

तात्या त्यांच्याकडं बघतच राहिले. “कोण?”

“नवरदेव. तुमच्याच पेपरात आल्तं की. पळाला, एवढं लिहिलं तुम्ही. पोरीचं काय झालं? मांडवातल्या स्वयंपाकाचं काय झालं? आम्ही सगळ्या बाया वाट पाहून राह्यलो.”

तात्यांनी बातमी बघणाऱ्या संपादकांना बोलावलं. त्यांना माहीत नव्हतं. मग घनसावंगीकडच्या बातमीदाराला फोन लावला. तो आधी घाबरला, चूक झाली की काय म्हणून. मग त्यानं सांगितलं ते तात्यांनी फोनचा स्पीकर लावून आम्हाला ऐकवलं. नवरदेवाच्या गाडीतलं पेट्रोल दोन गावं ओलांडल्यावर संपलं. तो गाडी ढकलत असताना त्याच्याच लग्नातले बँडवाले मागून टेम्पोनं आले आणि त्याला उचलून परत घेऊन आले. तोपर्यंत नवरीनं सांगितलं होतं, आता मी नाही म्हणते. महिन्याभरात तिनं स्वतःच्या पसंतीच्या एका मास्तराशी लग्न केलं, आणि बँड तोच होता.

तात्या इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आत्याबाईंनी दोन्ही हात जोडून वर पाहिलं आणि म्हणाल्या, “बेस झालं पोरीचं.”

तात्यांनी टेबलावरचा आपला स्वतःचा जुना अंक शोधून काढला, कुपन कापून आत्याबाईंच्या हातात दिलं, आणि मग माझ्याकडं वळले. “वाचून तू दाखवतीस का यांना? शिकली किती?”

“बी.ए. मराठी. भोकरदनच्या कॉलेजात.”

“मंग ही नवरदेवाची हकिगत लिहून दे. आत्ता. तिकडं टेबल हाये.”

मी लिहिली. चौथ्या दिवशी ती छापून आली, वर मोठ्या अक्षरात ‘पुढं काय झालं?’ असं सदराचं नाव. त्या आठवड्यात तात्यांचा माणूस घरी निरोप घेऊन आला, की दर रविवारी असं एक लिहायचं, नोकरी म्हणून.

मामांना ते पटेना. घरची सून रोज जालन्याला जाऊन गावोगावच्या भानगडी विचारत फिरणार, हे त्यांना चमत्कारिक वाटलं. आत्याबाईंनी दोन वाक्यांत विषय संपवला. “ती गेली न्हाई तर मला पुढचं कोण सांगणार? भाकरी मी थापते, तिला जाऊ द्या.” नवऱ्यानं मला राजूरच्या एसटीपर्यंत सोडायचं कबूल केलं, आणि अजूनही सोडतो.

मला वाटलं होतं, पेपरचा मालक म्हणजे काचेच्या खोलीत बसणारा माणूस. तात्यांची खोली होती काचेची, पण ते तिच्यात सापडायचे नाहीत. सकाळी छापखान्यात मशीनवाल्यांबरोबर पोहे खायचे, दुपारी जाहिरातींच्या टेबलावर, संध्याकाळी आमच्यात. ऑफिसातल्या कुणालाही ते नावानं हाक मारायचे नाहीत. ज्याचं जे गाव तेच त्याचं नाव. “ए वडीगोद्री, तुझं पान झालं का?” “परतूरला म्हणा चहा पाठव.” मी पहिल्या दिवसापासून केदारखेडा झाले. बदनापूरहून रोज रेल्वेनं येणारा एक बातमीदार होता, तो अर्थातच बदनापूर. नवीन माणसांना हे विचित्र वाटायचं, पण एकदा तात्यांनीच मला कारण सांगितलं. “माणूस नाव सांगून थांबतो. गावाचं नाव घेतलं की बोलायला लागतो.”

ते स्वतः वडीगोद्रीच्या पलीकडच्या एका वस्तीवरचे. वडील मेंढरं राखायचे, हे पावसाळ्यापुरते गावच्या शाळेत आणि बाकीचे महिने कळपाबरोबर. असं करत करत सातवी झाली. पुढं जालन्यातल्या एका छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छापायची उलटी अक्षरं, जुळवायला लागले. लग्नपत्रिका, दुकानदारांची पावती पुस्तकं, यात्रेतल्या तमाशाची पत्रकं. उलटी अक्षरं वाचायची त्यांना इतकी सवय झाली होती, की आमच्या टेबलासमोर उभे राहून आमच्या कागदावरचं उलटं वाचायचे आणि चूक दाखवायचे. बावीस-तेवीस वर्षांचे असताना त्यांनी चार पानांचं साप्ताहिक काढलं. स्वतः लिहायचं, स्वतः खिळे जुळवायचे, स्वतः सायकलवर घालून वाटायचं. त्याचा पुढं दैनिक पेपर झाला, मग शेजारच्या जिल्ह्यांतल्या आवृत्त्या निघाल्या.

पेपर कशामुळं चालला, याचं उत्तर मला तिथं बसून समजलं. तात्या कुणाचाही फोटो छापायचे. दहावी पास झालेली पोरं, पोळ्यातली सजवलेली जोडी, निवृत्त झालेले मास्तर, भजनी मंडळ, कुस्तीत दुसरा आलेला पैलवान. “पहिला आलेला तर सगळेच छापतात,” म्हणायचे. मथळा पक्का करण्याआधी ते तो मोठ्यानं वाचायचे, आणि वाचताना जीभ अडखळली की मथळा बाद. मोठे शब्द लिहिणाऱ्या एका तरुण उपसंपादकाला ते म्हणाले होते, “‘पार्श्वभूमी’ म्हणजे काय रे? माझ्या बापाला सांगायचं झालं तर कसं सांगशील?” त्यानं विचार करून सांगितलं. “बराबर. मंग तेच लिही.”

निवडणुकीच्या दिवसांत पुढारी त्यांच्या व्हरांड्यात येऊन बसायचे. त्याच बाकावर कधी शेततळ्याची तक्रार घेऊन आलेला माणूस असायचा, कधी पोरीच्या बक्षिसाचा फोटो घेऊन आलेली आई. जो आधी आला तो आधी आत. एका आमदाराला मी घड्याळ बघत तासभर बसलेलं पाहिलंय. तात्यांना त्याची मजा वाटायची, हे त्यांच्या मिशांवरून कळायचं.

सगळंच गोड होतं असं नाही. मोठ्या जाहिरातदाराच्या विरोधातली बातमी कधी कधी ‘जागा न्हाई’ म्हणून मागं पडायची, आणि आम्ही सगळे मान खाली घालून काम करायचो. स्वतःचा फोटो पेपरात असण्याचा त्यांचा सोस तर लहान मुलासारखा. पण रागावलेल्या वाचकाला त्यांनी कधी दारातून परत पाठवलेलं मी पाहिलं नाही. उलट असा वाचक आला की त्यांना हुरूप यायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांची पंच्याहत्तरी आली. त्यांचा मुलगा आता रोजचा कारभार बघतो. शांत माणूस, पुण्यात शिकलेला, मोबाईलवरचा पेपर त्यानंच चालू केला. त्यानं वडिलांवर खास अंक काढायचं ठरवलं आणि त्यांच्या आयुष्याची हकिगत लिहायचं काम मला दिलं. मी रोज दुपारी वही घेऊन तात्यांपुढं बसायला लागले.

त्यांनी पहिल्या अंकाची गोष्ट सांगितली. ती मी आधी किती तरी वेळा भाषणांत ऐकली होती. साप्ताहिकाचा पहिला अंक निघायचा होता आणि पहिल्या पानाला बातमी नव्हती. तात्या छापखान्याच्या दारात उभे होते. समोर बाजार भरलेला. एवढ्यात आरडाओरडा झाला. एक हवालदार जिवाच्या आकांतानं पळत होता आणि त्याच्यामागं एक पांढरा बैल. हवालदार मिठाईच्या दुकानाच्या ओट्यावर चढला. लोक पांगले. तात्या आत पळाले आणि उभ्या उभ्या खिळे जुळवले. ‘मारक्या बैलाचा भर बाजारात हवालदारावर हल्ला.’ दुपारपर्यंत सगळे अंक खपले, पुन्हा छापावे लागले. “त्या बैलानं मला मालक केलं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि त्यावर टाळ्याही ठरलेल्या.

घरी गेल्यावर मी ते आत्याबाईंना सांगितलं. त्या मिरच्यांची देठं मोडत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, “अन् बैलाचं काय झालं?”

दुसऱ्या दिवशी मी तेच तात्यांना विचारलं. ते बोलता बोलता थांबले.

“म्हाईत न्हाई,” ते म्हणाले. “मी कधी विचारलंच न्हाई.”

संध्याकाळी ते स्वतःच माझ्या टेबलापाशी आले. “बैलगाडी बदनापूरकडची होती. हवालदार तसं म्हणाल्ता. आता कोण सापडणार?”

पलीकडच्या टेबलावरून बदनापूर, आमचा बातमीदार, मान वर करून म्हणाला, “तात्या, बदनापूरचा मारका बैल म्हणता का? आमच्याकडं एका घराला सगळे ‘मारक्याचे’ म्हणतात. कृषी संशोधन केंद्राच्या अलीकडं रोपवाटिका हाये त्यांची. काहून म्हणतात ते मला म्हाईत न्हाई. मी लहानपणापासून तसंच ऐकून राह्यलो.”

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “उद्या सकाळी जाऊ.”

आम्ही तिघं गेलो. रोपवाटिकेत पासष्टीचे एक गृहस्थ मोसंबीच्या कलमांना पाणी घालत होते. त्यांनी गाडी पाहिली, तात्यांना उतरताना पाहिलं आणि झारी हळूच खाली ठेवली. ओळख करून द्यायची गरज पडली नाही. त्यांनी आम्हाला बाजेवर बसवलं, घरातून पाणी मागवलं, आणि मग समोर उभे राहून म्हणाले, “लई उशीर केला तुम्ही.”

“कशाला?” तात्यांनी विचारलं.

“यायला. माझा बाप तुमची वाट बघत बघत गेला.”

तात्यांनी विचारलं, “तो बैल तुमचा?”

“आमचाच. अन् तो मारका नव्हता.”

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी ते स्वतः बैलगाडीत बसलेले होते, वडिलांबरोबर ज्वारीची पोती घेऊन आलेले. वडिलांनी बैल सोडले होते. हा पांढरा बैल घरात वाढलेला, लेकरांच्या हातून खाणारा, आणि गुळाचा भारी शौकीन. हवालदार समोरून चालला होता आणि त्याच्या बगलेत, कागदात गुंडाळलेली, गुळाची ढेप होती.

“बैलाला वास आला. तो निघाला मागं. हवालदारानं वळून पाहिलं अन् जल्दी चालायला लागला. मंग बैलबी जल्दी. हवालदार पळाला, मंग बैल पळाला. गुळाला कोण सोडतं? तो ओट्यावर चढताना ढेप खाली पडली. बैल तिथंच थांबला अन् खात बसला. माझ्या बापानं जाऊन त्याच्या गळ्यावर हात ठेवला, तरी त्यानं मान वर केली न्हाई. हे सगळं बाजारानं पाहिलं. पण तुम्ही तोवर आत गेल्ता, छापायला.”

बदनापूर खाली मान घालून हसू दाबत होता. तात्या हसले नाहीत.

“गूळ मला दिसला न्हाई,” ते म्हणाले.

“तुम्ही विचारलं न्हाई.”

तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली आणि तिनं कप हातात देतानाच सुरुवात केली. “मी लग्न होऊन आले तव्हा पहिल्याच दिवशी बाया म्हणल्या, मारक्याच्या घरी पडली बिचारी. मी चार दिवस भीत होते यांना. अन् हे तर घरातल्या झुरळालाबी मारत न्हाईत. आता नातू शाळेत जातो, त्यालाबी पोरं मारक्या म्हणतात. त्यानं आजवर कोणाला चापट मारली न्हाई.”

“बैलाचं पुढं काय झालं?” मीच विचारलं. सदराची सवय.

गृहस्थांचा चेहरा जरा सैल झाला. “बापाला तो विकायचा होता त्या वर्षी. पण बातमी आली अन् कोणी गिऱ्हाईकच उभं राहिना. मारका बैल कोण घेणार? मंग राहिला घरीच. म्हातारा होईस्तोवर राहिला. आम्ही भावंडं उन्हाळ्यात त्याच्या अंगाला टेकून झोपायचो.” मग त्यांनी मान्यही केलं, “तेवढं एक चांगलं झालं तुमच्यामुळं.”

आता तात्या हसले, आणि मग सगळेच. तात्या उठून त्या गृहस्थांच्या समोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. ज्यांच्यासाठी आमदार बाकावर बसायचे, त्यांना हात जोडून उभं राहिलेलं मी त्याआधी फक्त देवळात पाहिलं होतं.

“चुकलं माझं, भाऊ. सांगा, काय करू?”

“छापा. बैल मारका नव्हता, एवढंच.”

“छापतो. पहिल्या पानावर.”

“अन् चित्र पाहिजे,” बायको म्हणाली. “त्याचा फोटो न्हाई आमच्याकडं. लोकांना कळू द्या कसा देखणा होता.”

परतताना तात्या पूर्ण रस्ता खुशीत होते. मध्येच एकटेच हसायचे आणि म्हणायचे, “गूळ!”

ऑफिसात मात्र खळबळ उडाली. मुलानं समजावून पाहिलं. “तात्या, पंच्याहत्तरीचा अंक आहे. पहिल्या पानावर शुभेच्छांचे संदेश ठरलेत. मोठमोठ्या लोकांचे. तिथं बैल?”

“संदेश आतल्या पानावर जाऊ दे.”

“आणि आपणच आपली पहिली बातमी खोटी होती म्हणायचं?”

“खोटी नव्हती. अर्धी होती,” तात्या म्हणाले. “आता उरलेली छापायची. पंच्याहत्तराव्या वर्षी मला तेवढं करू दे.”

मुलानं माझ्याकडं पाहिलं, जणू हे सगळं मी केलं. मग त्यालाही हसू आलं. त्यानं पानं बदलायला सांगितली.

चित्र काढायला आमचे चित्रकार बसले आणि बदनापूरचे ते गृहस्थ फोनवर. चित्राचा फोटो त्यांना मोबाईलवर पाठवायचा, त्यांनी बघून दुरुस्ती सांगायची. शिंगं आत घ्या. वशिंड थोडं कलतं होतं. डोळे असे वटारलेले नका काढू, त्याची नजर गरीब होती. आमच्या चित्रकारांनी आजवर कुठल्याही मुख्यमंत्र्याचं चित्र इतक्या वेळा खोडलं नसेल. शेवटी पुन्हा एक चित्र पाठवलं. मग गृहस्थ म्हणाले, “हा. हाच.”

हकिगत मी लिहिली. मथळा तात्यांनी स्वतः दिला, मोठ्यानं वाचून पाहिला, आणि जीभ कुठंच अडखळली नाही. ‘तो बैल मारका नव्हता.’

अंक निघाला त्या दिवशी जालन्याच्या सभागृहात तात्यांचा सत्कार होता. पुढच्या रांगेत मधोमध बदनापूरचं ते जोडपं आणि त्यांचा नातू बसले होते. आत्याबाई त्यांच्या शेजारी. मामाही आले होते, धुतलेलं धोतर नेसून. भाषणाला उभे राहिल्यावर तात्यांनी आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. त्यांनी सगळ्यांना गुळाची गोष्ट सांगितली, आणि नातवाला स्टेजवर बोलावून सांगितलं, की तुझा आजा, पणजा आणि तुमचा बैल, सगळी सरळ माणसं. बैलाला माणूस म्हटल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, टाळ्याच इतक्या पडल्या. गृहस्थांनी मोसंबीचं एक कलम आणलं होतं. ते त्यांनी तात्यांच्या हातात दिलं आणि माइकवर फक्त एवढंच बोलले, की आता मी पेपर लावणार आहे. आजवर कधी घरात येऊ दिला नव्हता.

“फुकट पाठवतो,” तात्या पटकन म्हणाले.

“बिलकुल न्हाई,” गृहस्थ म्हणाले. “विकत घेतला म्हंजे भांडता येतं.”

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. सकाळी मी ऑफिसात पोचले तेव्हा खालचे सगळे फोन वाजत होते. त्या मथळ्यानं लोकांना धीर दिला होता. ज्याच्या ज्याच्या मनात पेपरबद्दल काही अडकून राहिलं होतं, तो तो फोन करत होता. कुणाला बारावीत पहिला वर्ग मिळाला होता आणि पेपरनं दुसरा छापला होता. एका भजनी मंडळाला ‘भोजनी मंडळ’ छापलं होतं आणि त्यानंतर गावात त्यांना जेवणासाठीच बोलवायला लागले. एका पैलवानाचं म्हणणं होतं, तो हरला नव्हता, कुस्ती बरोबरीत सुटली होती, आणि ती बघितलेला पंच अजून जिवंत आहे.

टेलिफोनवरच्या मुली गांगरून गेल्या होत्या. तात्यांच्या मुलानं सांगितलं, सगळ्यांना लेखी पाठवायला सांगा. पण तोपर्यंत तात्या स्वतः खाली उतरून एका फोनपाशी बसले होते. केस नुकतेच रंगवलेले, कालच्या हाराच्या पाकळ्या अजून खिशात. प्रत्येकाला ते आधी गाव विचारायचे, मग “हां, बोला” म्हणायचे आणि मध्ये न बोलता ऐकायचे. कागदावर काही टिपायचे, हसायचे, माफी मागायचे, पुन्हा हसायचे. दुपार झाली. त्यांचा डबा टेबलावर तसाच होता. मशीनवाले दोनदा बोलवायला येऊन गेले.

मी जाऊन म्हटलं, “तात्या, जेवून घ्या. मी ऐकते तोवर.”

त्यांनी मला हातानंच थांबवलं. पलीकडून एका बाईचा ठणठणीत आवाज माझ्यापर्यंत येत होता. तिच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पेपरात तिचा फोटो छापला होता आणि शेजारी नवरा म्हणून दुसऱ्याच एका माणसाचा. तो दुसरा माणूस बायकोला घेऊन पेढे द्यायला घरी आला होता, आणि तेव्हापासून दोन्ही घरांचं जाणं-येणं आहे. आता तिच्या मुलाचं त्यांच्या मुलीशी जमलंय, तर ते छापाल का, असं ती विचारत होती.

तात्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. मिशा थरथरत होत्या.

“केदारखेडा, खुर्ची ओढ,” ते म्हणाले. “अन् वही काढ. ही परतूरची बाई हाये, लई भारी सांगून राह्यली.”